नोटीसकाकांचं खातं

दोन मिनिटांचं काम नावाची वस्तू या जगात नाही, हे लोकांच्या वेबसाइट करून देणाऱ्या वेबवालीला इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. तो तिचा पोटापाण्याचा अनुभव होता. गिऱ्हाईक फोनवर "दोन मिनिटांचं तर काम आहे हो" म्हणालं, की ती आधी चहा टाकायची आणि मग सगळा आठवडा मोकळा करायची. तरीही आईने सांगितलेलं काम दोन मिनिटांचं आहे यावर तिने विश्वास ठेवला. शहाण्या माणसाची बुद्धी नेमकी घरच्या माणसासमोर गहाण पडते.

काम असं होतं. इमारतीच्या लिफ्टमध्ये एक कागद चिकटवलेला होता. 'तक्रारीसाठी संपर्क', आणि खाली वेबवालीच्या घरचा नंबर. कागद बाबांनी लावला होता. बाबा गेले, पण डिंक पक्का निघाला. इमारतीतल्या लोकांना माहीत होतं. पण लिफ्टमध्ये फक्त इमारतीतलेच लोक चढत नाहीत. पार्सलवाले चढतात, पाहुणे चढतात, तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्याचे गाल धरलेले रोगी चढतात. लिफ्ट अडकली की हे सगळे त्या कागदाकडे बघायचे आणि वेबवालीच्या घरी फोन वाजायचा.

आई फोन उचलायची. "नाहीत, हे घरी नाहीत."

पलीकडून विचारणा व्हायची, "कधी येतील?"

मग आई फोन कानाशी तसाच धरून लेकीकडे बघत राहायची. एकदा ती म्हणाली, "उशीर होईल," आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी चहात साखर दोनदा पडली. दोघींनी तो तसाच प्यायला.

"तो नंबर तेवढा काढून टाक गं," कप विसळताना आई म्हणाली.

आता, कागद खरवडून काढला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण वेबवाली ही वेबवाली होती. कागद हा वेबसाइटच्या एका पानाची छापील प्रत आहे, तेव्हा आधी मूळ पान दुरुस्त करावं आणि मग नवी प्रत काढावी, असा सरळ विचार तिने केला. वाट्टोळं नेहमी सरळ विचारातूनच सुरू होतं.

त्या वेबसाइटबद्दल थोडं सांगायला हवं. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर बाबांना कुणाला तरी लेखी कळवण्याची हुक्की शिल्लक राहिली होती. ती भागवायला वेबवालीने त्यांना इमारतीची वेबसाइट काढून दिली. ज्या सॉफ्टवेअरवर ती स्वतः जगत होती त्याच सॉफ्टवेअरवर. ते फुकट असतं. जगभरातले लोक ते मिळून लिहितात, कुणीही त्याचा कोड उघडून बघावा, बदलावा, पुढे द्यावा. त्यात लेख लिहायचा, बटण दाबायचं, की तो छापून येतो आणि सगळ्या रहिवाशांना ईमेलने जातो. वेबवालीनेही त्याला एक छोटासा तुकडा जोडला होता, आणि तो अनोळखी देशांतले अनोळखी लोक वापरायचे. वापरायचे आणि तिला झापायचे. 'तुमच्या तुकड्यामुळे माझी वेबसाइट कोरी पांढरी पडली, लाज वाटते का?' असं कुणीतरी रोज विचारायचं. फुकटच्या सॉफ्टवेअरचे मालक सगळे असतात आणि नोकर एकच, हे ती त्यातूनच शिकली होती.

पण त्या मालकांत सगळ्यात चिकट मालक म्हणजे बाबा. ते जेवणाच्या टेबलावर समोर बसून तक्रार करायचे, तीही विमा कचेरीच्या भाषेत. "उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की तुझं ते जाड अक्षराचं बटण चालत नाही." एक गोष्ट मात्र त्यांना अतोनात आवडली होती. लेखाखाली सही करावी लागत नाही. लेखकाचं नाव सॉफ्टवेअर आपोआप घालतं. आयुष्यभर साहेबांच्या सहीसाठी पत्रं लिहिलेल्या माणसाला स्वतःचं नाव आपोआप उमटताना बघून काय वाटलं असेल ते त्यांनी सांगितलं नाही. पण दिवसाला एक नोटीस निघू लागली. खातं उघडताना इमारतीने दिलेलं टोपणनावच त्यांनी मानाने घातलं : नोटीसकाका.

नोटिसा सगळ्याच बरोबर असायच्या असं नाही. गच्चीवरची टाकी पूर्वेकडे खचते आहे असं ते वर्षानुवर्षं लिहीत आले. टाकी आजही जागची हललेली नाही. पण लिहिण्याचा जोर असा की वाचणारा पूर्वेच्या बाजूने चालणं टाळायचा.

तर, ऐन दुपारी वेबवालीने वेबसाइट उघडली. नंबर खोडला. बटण दाबलं.

आणि शेजारच्या घरात फोन टुणटुणला. मग वरच्या घरात. मग जिन्यात कुणाच्या तरी खिशात. मग सगळी इमारत देवघरातल्या घंटेसारखी वाजू लागली आणि थांबेचना.

झालं होतं ते असं. बाबांनी आपल्या हयातीत एक शोध लावला होता : इमारतीच्या अडचणी दरवर्षी त्याच वेळी त्याच येतात. मग दरवर्षी नव्याने टंकायचं कशाला? त्यांनी वर्षभराच्या नोटिसा आधीच लिहून, पुढच्या तारखा घालून ठेवल्या होत्या. तारीख आली की नोटीस आपोआप निघावी. पण या सॉफ्टवेअरला स्वतःचं घड्याळ नसतं. दारावर कुणी टकटक केली, म्हणजे वेबसाइट कुणी उघडली, की मगच ते जागं होतं, किती वाजले बघतं आणि राहिलेली कामं उरकतं. बाबा गेल्यापासून त्या दारावर कुणी आलंच नव्हतं. इमारतीतले लोक नोटिसा ईमेलमध्ये वाचायचे, आणि शोधयंत्रांच्या रोबोटांना बाबांनी 'फक्त रहिवाशांसाठी' अशी पाटी लावून कधीच हाकललं होतं. वेबवालीची टकटक ही पहिली. सॉफ्टवेअर डोळे चोळत उठलं आणि तुंबलेल्या सगळ्या नोटिसा त्याने एका दमात वाटून टाकल्या. वरातीमागून घोडं ऐकलं होतं. इथे घोड्यांचा अख्खा तबेला आला.

'गच्चीचे कुलूप पुन्हा हरवले असेल. मागील खेपेस ते सेक्रेटरींच्या गाडीच्या डिकीत सापडले होते. प्रथम तेथे पाहावे.'

'टाकी धुण्याची वेळ झाली. सेक्रेटरी "पुढच्या आठवड्यात" म्हणतील. कोणत्या सालातील, ते विचारून घ्यावे.'

'दुसऱ्या मजल्यावरील कोणत्या घरातून कबुतरांना दाणे टाकले जातात ते आम्हांस ठाऊक आहे. कबुतरांसही ठाऊक आहे.'

वेबवाली एकेक वाचत गेली. हसू येत होतं. मग ही आली :

'आमच्या मुलीस प्रिंटरच्या तक्रारी सांगू नयेत. ती त्या कामाची नाही. तिचे काम निराळे व अवघड असून ते आम्हांस पूर्ण समजत नाही. प्रिंटर दुकानात न्यावा.'

ती उठली, खिडकीशी जाऊन उभी राहिली, आणि परत येऊन बसली. टेबलाखाली तिचा स्वतःचा प्रिंटर कितीतरी दिवस बंद पडून होता. लिफ्टचा नवा कागद छापायला तिला दुकानातच जावं लागणार होतं.

पहिली बेल दंतवैद्याने वाजवली. हातमोजे तसेच. "काका… म्हणजे… आले का?"

"नाही हो. जुन्या नोटिसा आहेत. अडकल्या होत्या."

"अच्छा. नाही, मला वाटलं…" त्याला काय वाटलं ते त्याने पूर्ण केलं नाही. "एक रोगी खुर्चीत आहे. पण ती डिकीची नोटीस भारी होती हं."

त्याच्यामागे दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी, कबुतरवाल्या. "माझ्यावर मेल्यानंतरही डोळा आहे हो यांचा!" पण डोळे पुसत होत्या. मग सल्ल्यांचा ओघ सुरू झाला. एकाने सांगितलं, कॉम्प्युटर बंद करून चालू कर. दुसरा म्हणाला, माझ्या पुतण्याला विचार, तो शाळेत असताना वेबसाइट करायचा. तिसऱ्याने नोटीस वाचूनही प्रिंटर आणला होता. तो मात्र दारातूनच परत गेला.

आणि मग सेक्रेटरी आले. चढलेला जिना त्यांच्या श्वासात होता आणि डिकी त्यांच्या चेहऱ्यावर.

"हे काय चालवलंय तुम्ही?"

"मी नाही, सेक्रेटरीसाहेब. सॉफ्टवेअरने चालवलंय."

"मृत व्यक्तीने नोटिसा काढणं नियमात बसत नाही."

"कुठल्या नियमात?"

सेक्रेटरींनी खिसे चाचपले, जणू नियम चष्म्याच्या घरात असावा. "समितीपुढे ठेवतो. ते खातं बंद झालं पाहिजे. आणि ही फुकटची वेबसाइट पण नकोच. आमच्या जावयांचं तयार ॲप आहे. त्यात कुणी काही लिहूच शकत नाही. एकदम सुरक्षित."

रविवारी वाहनतळात खुर्च्या मांडून सभा भरली. वेबवाली लॅपटॉप घेऊन गेली, आणि आई तिच्या शेजारी बसली. ती आजवर एकाही सभेला गेलेली नव्हती. घरात एकाने भांडलं की पुरतं, असं तिचं म्हणणं असायचं.

सेक्रेटरींनी ठराव वाचला : 'नोटीसकाका' हे खातं तात्काळ काढून टाकण्यात यावं.

"काढणार नाही," वेबवाली म्हणाली.

खुर्च्या करकरल्या. ही मुलगी आजपर्यंत जिन्यात 'हो', 'बरं' आणि 'बघते' एवढंच बोलत आली होती.

"हे सॉफ्टवेअर फुकट आहे," ती म्हणाली. "ते वापरा, मोडा, बदला, विका, कुणी अडवत नाही. एक अट मात्र असते. ज्यांनी लिहिलं त्यांची नावं खोडायची नाहीत. जगभरातले लोक एकमेकांचं तोंड न बघता ही अट पाळतात. आपण एका जिन्यातले आहोत. आणि लेखक गेला म्हणून नाव जातं कुठे? पुस्तकांच्या दुकानात जा. निम्म्याहून जास्त लेखक मेलेलेच असतात. त्यांची नावं कोणी खरवडून काढली?"

दंतवैद्याने टाळी वाजवली, आणि एकट्याचीच वाजली म्हणून ती खोकल्यात बदलली.

"भावना समजू शकतो," न समजलेल्या माणसाच्या सुरात सेक्रेटरी म्हणाले. "मतदान घेऊ."

मतदान झालं. ॲपच्या भानगडीत कुणाला पडायचं नव्हतं, पण सेक्रेटरींशी वाकडं घ्यायचंही नव्हतं, कारण गाड्यांच्या जागा तेच ठरवायचे. ठराव पास झाला. आईने हात वर केला नाही, खालीही केला नाही. मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली.

वेबवालीने लॅपटॉप उघडला. कुठलंही बटण दाबायच्या आधी सगळ्याची प्रत काढून ठेवायची, हा तिच्या धंद्यातला एकमेव धर्म. तो तिने पाळला. मग 'खातं काढा' दाबलं. सॉफ्टवेअरने लगेच खातं काढलं नाही. त्याने प्रश्न विचारला, आणि तो तिने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला :

"'या सदस्याने लिहिलेल्या लेखांचं काय करायचं? सगळे पुसून टाकायचे, की दुसऱ्या सदस्याच्या नावावर करायचे?'"

यंत्राने इतकी माणुसकी दाखवावी अशी कुणाची अपेक्षा नव्हती.

"पुसता येणार नाहीत," खजिनदार घाईने म्हणाले. "समितीचं दप्तर आहे ते. दप्तर नष्ट केलं की लफडं होतं."

"मग दुसऱ्याच्या नावावर," सेक्रेटरी म्हणाले.

"कुणाच्या? दुसरी खाती दोनच आहेत. एक माझं, एक तुमचं."

"तुमच्या नावावर नको. तुम्ही पदाधिकारी नाही."

"मलाही नकोच. लिहिलं बाबांनी आणि नाव माझं, ही चोरी झाली."

"मग अधिकृत जे आहे ते करा. माझ्या नावावर करा."

वेबवालीने मान वर केली. मग तिने अगदी हळू आवाजात, गिऱ्हाइकाशी बोलतात तसं विचारलं, "सगळ्या? आधी एकदा वाचून घेता का?"

"मला शिकवू नका. सरसकट."

"पुढच्या तारखांच्या आहेत त्यासुद्धा?"

"सरसकट म्हणजे सरसकट!"

"ठरावात तसं लिहून द्या."

सेक्रेटरींनी लिहून दिलं. 'सरसकट' या शब्दाखाली रेघ मारली. वेबवालीने बटण दाबलं, आणि नोटीसकाका हे नाव यादीतून गेलं. दाबणारं बोट तिचं होतं. जिना चढताना तिने आईकडे पाहिलं नाही.

"तू मुद्दाम केलंस," कुलूप उघडताना आई म्हणाली.

"त्यांनी मुद्दाम केलं. मी सांगितलं तेवढंच केलं."

"हेही असंच म्हणायचे," आई म्हणाली, आणि घरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नाव खरंच गेलं का ते बघायला कुणीतरी वेबसाइट उघडली आणि इमारत टुणटुणली. 'आमचे सेक्रेटरी केवळ सहीपुरते हजर असतात. सही करतानाही ते बसूनच घोरतात असे आमचे निरीक्षण आहे.' लेखक : सेक्रेटरी.

लोकांनी डोळे चोळले आणि सगळेच वेबसाइटवर गेले. तिथे वर्षानुवर्षांचं सगळं होतं. कुलूप डिकीत सापडल्याचं सेक्रेटरींनी सांगितलं होतं. टाकी धुण्यात आपण कशी टाळाटाळ करतो ते सेक्रेटरींनी बारकाव्यांसह लिहिलं होतं. स्वतःच्या गाडीला आपण सावलीतली जागा कशी घेतली, यावर तर त्यांनी मालिकाच चालवली होती. हात दाखवून अवलक्षण पुष्कळ जण करतात, पण तारखेवार कुणी केलेलं नव्हतं.

जिन्यात त्यांचं अभिनंदन होऊ लागलं. "एवढा प्रांजळ माणूस पाहिला नाही साहेब," दंतवैद्य म्हणाला, तोही जराही न हसता, धंद्याचं कसब. खजिनदारांनी विचारलं, "घोरता, ते खरंच मान्य आहे तुम्हाला?" चौथ्या मजल्यावरचे आजोबा टाकीच्या पूर्वेकडून जाताना थांबून म्हणाले, "खचतेय हे कळतंय तर दुरुस्त का करत नाही?" आणि सेक्रेटरींच्या घरच्यांनी दुपारच्या चहाला त्यांना नुसतंच विचारलं म्हणे, की आमच्या मुलीस प्रिंटरच्या तक्रारी सांगू नयेत, तिचं काम आम्हांस पूर्ण समजत नाही, असं सगळ्या इमारतीला का कळवलं? बायकोविषयी असं जाहीर छापून आलं म्हणून जावई रुसले. ॲपचं बारगळलं.

पुढची नोटीस निघाली, मग त्याच्या पुढची. आपलेच दात आणि आपलेच ओठ; आणि दंतवैद्य तिसऱ्या मजल्यावर असून उपयोग नाही. शेवटी सेक्रेटरी दाराशी आले. या वेळी श्वासात जिनाच नव्हता. बराच वेळ दाराबाहेर उभे असावेत.

"ते… परत त्यांच्या नावावर करा."

"मला ठरावाविरुद्ध जाता येत नाही," वेबवाली म्हणाली. "तुमचाच ठराव आहे. रेघ मारलेला."

"निदान पुढच्या तरी थांबवा!"

"सरसकट आहे, साहेब."

तिला त्यांची थोडी दया आली. ती तिने दाखवली नाही. दाखवली असती तर बाबांनी तिच्यावर नोटीस काढली असती.

तेव्हा पुन्हा खुर्च्या, पुन्हा वाहनतळ. सेक्रेटरी उभे राहिले आणि त्यांनी घसा साफ केला. "मी या विषयावर बराच विचार केला. पुस्तकांच्या दुकानात गेलं, तर निम्म्याहून जास्त लेखक मेलेलेच असतात. त्यांची नावं कोणी खरवडून काढतं का? तेव्हा लेखक गेला म्हणून त्याचं नाव काढणं, हे माझ्या मते… हे बरोबर नाही."

"वा!" कबुतरवाल्या मावशी म्हणाल्या. "काय मांडलंत!"

वेबवालीने तोंडावर हात धरला. शेजारी आईची पर्स हलत होती.

ठराव लिहिला गेला : 'नोटीसकाका यांना या इमारतीचे कायम लेखक म्हणून नेमण्यात येत आहे. त्यांच्या पूर्वीच्या व पुढील सर्व नोटिसा त्यांच्याच नावाने राहतील.' कुणीतरी विचारलं, सूचक कोण लिहायचं? सेक्रेटरी म्हणाले, "मीच." अनुमोदनाला आईने हात वर केला, आणि सगळ्यांचे हात खाली आले तरी तिचा थोडा वेळ वरच होता.

प्रत काढून ठेवलेली होतीच. परत घालायला खरोखर दोन मिनिटं लागली. धंद्यातलं हे पहिलं दोन मिनिटांचं काम. वेबवालीने ते कुणाला सांगितलं नाही, कारण विश्वास कुणी ठेवला नसता. यादीत नाव परत आलं, आणि एकेका नोटिशीखाली आपोआप उमटत गेलं.

मग तिला मूळ काम आठवलं. तिने नवा कागद दुकानातून छापून आणला, नंबराशिवायचा, आणि खरवडायला सुरी शोधू लागली. तेवढ्यात फोन वाजला. आई जवळ होती. तिने उचलला.

"हॅलो. नाहीत, हे नाहीत." पलीकडचा आवाज घाबरलेला होता, गाल धरलेल्या माणसाचा बोबडा आवाज. वेबवाली सुरी हातात घेऊन दारातच थांबली. आईने या वेळी तिच्याकडे पाहिलं नाही.

"कधी येतील म्हणजे? अहो, ते गेले. हो, गेलेच. वारले. ते राहू द्या आता, तुमची लिफ्ट कितव्या मजल्यावर अडकलीय ते सांगा. आणि नाव सांगा, नीट. नोटीस काढायची आहे."